पहिल्या गाडीनं येणारी भाकर

माझ्या बाबांना पाणीसुद्धा हातात लागायचं. दिवसभर काळ्या मातीत राबणारा माणूस, आळशी म्हणायची सोय नव्हती. पण उंबऱ्याच्या आत पाय पडला की त्यांचे हात कामावरून सुटी घ्यायचे. माठ दोन हातांवर असला तरी "पाणी आण वं" म्हणून हाक यायची. आमच्या पातूरकडच्या गावात सगळेच बाप असे होते, त्यामुळे यात काही चुकतंय असं आईलाही वाटत नव्हतं आणि मलाही नाही. अशा माणसानं पन्नाशी ओलांडल्यावर पाच महिने भाकरी थापून मला अकोल्याला पाठवल्या. अमरावतीच्या ऑफिसात मी हे सांगते तेव्हा बायका हसतात आणि पुरुष विषय बदलतात. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

सुरुवात माझ्या मूर्खपणापासून करायला हवी. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी अकोल्यात गोरक्षण रोडवर खोली घेऊन राहिले. खोलीत दोघी. दुसरी धामणगाव रेल्वेची, धान्याच्या व्यापाऱ्याची मुलगी, बोलायला फटकळ आणि मनानं मोकळी. घरमालकीणबाईंनी गॅस ठेवू दिला नव्हता, विजेची किटली मात्र चालायची. त्या किटलीत मी नूडल्स शिजवायची. सकाळी नूडल्स, दुपारी कँटीनचा समोसा, संध्याकाळी चिप्सचं पाकीट नि वर रंगीत थंड पेय. घरून निघताना आईनं मुगाच्या वड्या, जवसाची चटणी, भाजलेल्या शेंगदाण्याचे लाडू असं बांधून दिलेलं बोचकं महिनाभर कपाटाच्या तळाशी पडून होतं. मुंग्या लागल्यावर मी ते बाहेर काढलं. आपण आता शहरात राहतो, बोचकी सोडून खाणं आपल्याला शोभत नाही, अशी माझी त्या वेळची अक्कल.

परीक्षेच्या तोंडावर कावीळ झाली. डॉक्टरांनी दोष पाण्याला दिला, आईनं नूडल्सला. मी दीड महिना घरी ताकभात खात पडून राहिले, पेपर बुडाले, वर्ष गेलं. बाबा रागावले नाहीत. पण जूनमध्ये मी पुन्हा बॅग भरायला लागले तेव्हा दारात उभं राहून त्यांनी एकदाच सांगितलं, "एक वर्ष गेलं, जाऊ दे. दुसरं गेलं तर मग घरीच राहा लागन. मले तुयं शिक्षण पाह्यजे, पण तुया जिवापेक्षा जास्त नाई."

आईनं त्यातून वाट काढली. आमच्या भागात शिकणाऱ्या पोरांना एसटीनं डबा पाठवायची पद्धत आहे. गावाहून सुटणारी सकाळची पहिली गाडी पातूरवरून आठच्या सुमारास अकोल्याला पोहोचते. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर आठ-दहा डबे ओळीनं मांडलेले असतात, झाकणांवर रंगानं नावं लिहिलेली. कंडक्टर त्यांचं तिकीट मागत नाही. हंगामात त्याला हुरडा मिळतो, कोवळ्या हरभऱ्याची पेंढी मिळते, त्यात तो खूश. पोरं स्टँडवर येऊन आपापला डबा उचलतात आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीत ठेवतात. आईनं मला सांगून टाकलं, "डबा खाशीन तर अकोल्यात राहाशीन." जून ते दिवाळी मी तो डबा खाल्ला. ज्वारीच्या भाकरी, त्यासोबत कोरड्यास म्हणून कधी वांगी, कधी अंबाडीची भाजी, आणि कापडात गुंडाळलेला कांदा. अंगात रक्त भरलं. किटलीत फक्त चहाचं पाणी तापायचं.

दिवाळी झाली आणि दुष्काळात तेरावा महिना आला. गोठा धुताना आई घसरली नि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. दीड महिना तरी काढायचं नाही, आणि काढल्यावरही हात लगेच चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी फोनवर म्हटलं, "मी पाहीन काहीतरी. मेस लावीन." बाबांनी आईच्या हातातून फोन घेतला.

"मेस नाई नि फिस नाई. डबा येईन."

"कोण करीन?"

"मी करीन. काहून? भाकर काय विमान हाये का?"

मागून आईचं हसणं ऐकू आलं. प्लास्टर दुखेपर्यंत हसत होती, हे तिनं मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेले तर डबा आलेला होता.

आता खरं सांगायचं तर ती भाकर नव्हतीच. ज्वारीच्या पिठाचं काहीतरी होतं, कडेला चिरलेलं, मध्ये जाड, एका बाजूनं काळं आणि पोटात कच्चं. दाताखाली धरली की भुगा व्हायची नि घशात अडकायची. सोबत मेथीची भाजी मात्र आदल्या संध्याकाळी खुडलेली, हिरवीगार. भाजीची पारख बाबांना उपजत होती. मी भाजी खाल्ली आणि भाकरी तशाच ठेवल्या. मग त्यांचं काय करायचं हा प्रश्न आला. स्टँडच्या फाटकाशी एक तांबडी गाय उभी असायची, एक शिंग वाकडं. मी भाकरी तिच्यापुढे धरल्या. तिनं कुरकुर न करता खाल्ल्या. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं गेला.

रात्री जेवणं आटोपल्यावर फोन आला. बाबा स्वतःहून फोन कधी करत नाहीत. "खाल्ली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "खाल्ली." "सगळी?" "सगळी." पलीकडे ते आईला म्हणाले, "पाह्य, म्हणलं होतं ना मी." त्या आवाजातला आनंद मला आजही ऐकू येतो. पहिला दिवस आहे, चार दिवसांत जमेल, कशाला उगाच मन मोडायचं, असं मी स्वतःला समजावलं. मला फार दयाळू असल्यासारखं वाटलं.

चार दिवस झाले, पंधरा झाले. भाकर सुधारेना. उलट डबा रिकामा येतो म्हणून बाबांनी दोनाच्या तीन केल्या. भूक तर लागायचीच. मी किटली पुन्हा धुतली, दुकानातून नूडल्सची पाकिटं आणली आणि पलंगाखाली ढकलली. धामणगावकरीण बघायची आणि म्हणायची, "तिकडे बाप हात भाजून राहिला, इकडे गाय लठ्ठ होऊन राहिली. मस्त चाललं हाये तुमचं." आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. आमच्याकडे कुत्र्याच्या जागी गाय होती, एवढाच फरक. मी धामणगावकरणीवर चिडायची, कारण ती खरं बोलत होती.

डिसेंबर सरता सरता मला पुन्हा मळमळायला लागलं. अन्नावरची वासना गेली. सकाळी उठलं की मी आधी आरशात डोळे बघायची. पिवळे दिसतात का? ट्यूबलाइटच्या उजेडात काहीही पिवळंच दिसतं. चोराच्या मनात चांदणं, तसं माझ्या डोळ्यांत पिवळं. दुसरं वर्ष गेलं तर घरी, हे वाक्य जिना चढता-उतरताना डोक्यात फिरायचं. तरीही रोज रात्री फोनवर मी "सगळी खाल्ली" म्हणत होते. खोटं एकदा सुरू केलं की थांबवायला कोणता दिवस बरा, ते कळत नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी मी स्टँडवर पोहोचले तर गाडीतून डब्याऐवजी बाबाच उतरले. विहिरीवरच्या मोटारीचा कुठला तरी भाग अकोल्यातच मिळणार होता. धुतलेलं धोतर, स्वेटर, डोक्याला मफलर, आणि दोन्ही हातांत माझा डबा, लग्नातला आहेर धरावा तसा. "म्हणलं आज आपणच देऊ हाती," ते म्हणाले. उजव्या हाताच्या बोटांवर काळे डाग होते. तव्याचे चटके. आईच्या बोटांवर असे डाग मी लहानपणापासून पाहत आले होते आणि कधी त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. बाबांच्या बोटांवरचे मात्र लगेच दिसले.

मी डबा घेतला, पिशवीत ठेवला. आणि फाटकाकडून ती आली. तिच्या दृष्टीनं वेळ झाली होती. गर्दीतून वाट काढत ती सरळ माझ्यापाशी आली आणि तिनं पिशवीत तोंड घातलं. मी "हट हट" केलं. ती हटेना. आजवर जी पोरगी रोज न मागता देते ती आज हट का म्हणते, हे तिला कळत नव्हतं. तिनं डब्याला नाकानं ढुशी दिली.

माझ्या बाबांचं आयुष्य ढोरांत गेलंय. गाय कोणाकडे का येते हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला, गळ्याखाली खाजवलं.

"ओळखते तुले," ते म्हणाले.

मी पिशवी पाठीमागे घेतली.

"रोज?"

"रोज."

"तिन्ही?"

"तिन्ही."

ते सिमेंटच्या बाकावर जाऊन बसले. मी शेजारी बसले. मला वाटलं, आता चार लोकांत आवाज चढणार. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "मंग खाते काय तू?" मी पिशवीतून नूडल्सचं पाकीट काढलं. दुपारी कॉलेजातल्या मैत्रिणीकडे करायचं म्हणून ठेवलेलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, कानाशी धरून हलवलं. खुळखुळ वाजलं. पाकीट बाकावर ठेवून त्यांनी माझी हनुवटी धरली आणि भर स्टँडवर, अंगठ्यानं माझ्या डोळ्याखालची कातडी ओढून आत पाहिलं. एक डोळा, मग दुसरा. माझे बाबा घाबरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"पिवळं नाई," ते म्हणाले. मग पुन्हा पाहिलं. "नाई. काहून नाई सांगतलं वं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

"मले वाईट वाटाले काय जाते? एक दिवस वाटलं असतं. वर्ष तं तुयं चाललं होतं."

मग त्यांनी जे सांगितलं त्यानं मी आतून पार खचले. आई पहिल्या दिवसापासून त्यांना सांगत होती की भाकर बिघडतेय. ती स्वतः तीच भाकर खात होती. पण बाबा तिला बोलूच देत नव्हते. पोरगी तिकडे तीन-तीन खाते, डबा चाटूनपुसून पाठवते, तुयेच नखरे हायेत, असं म्हणून तिला गप्प करत होते. "आठ-धा करतो मी सकायी," ते म्हणाले. "त्यातल्या निवडून तीन तुले बांधतो. फाटक्या आमी दोघं खातो." म्हणजे मला येत होत्या त्या त्यांच्या सगळ्यांत चांगल्या भाकरी होत्या. आणि त्या चांगल्या आहेत असं त्यांना वाटत होतं ते माझ्यामुळे.

त्यांनी डबा उघडला, एक भाकर मोडली, तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले. "थंड झाल्यावर अशी लागते व्हय," ते म्हणाले. घरी ती तव्यावरून उतरली की ते लगेच खात, त्यामुळे दोन तासांनी तिचं काय होतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. उरलेली त्यांनी आपल्या हातानं गायीपुढे केली. "माय भली हाये. आपल्याच्यानं नसती गेली." मला हसू आलं आणि हसता हसता रडू. ते उठून केळी घेऊन आले, मला दोन खायला लावली, आणि "कॉलेजले जाय, उशीर होते" म्हणून मोटारीच्या दुकानाकडे निघून गेले. पाकीट बाकावरच राहिलं. मी ते उचललं नाही.

त्या रात्रीपासून आमच्या घरी राज्य बदललं. आई पाटावर बसून, गळ्यात अडकवलेला हात सांभाळत हुकूम सोडायला लागली आणि बाबा ऐकायला लागले. पहिल्या दहा मिनिटांत तिनं दोन चुका काढल्या. तिला त्या दोन महिने ठाऊक होत्या, ऐकणारं कोणी नव्हतं. पहिली चूक अगदी शेतकऱ्याची. आई दवाखान्यात असताना बाबांनी अर्धं पोतं ज्वारी एकदम दळून आणून कोठी भरली होती. पेरणी असो की सोंगणी, एकदा हात घातला की काम उरकून टाकायचं, हा त्यांचा जन्माचा हिशेब. पण ज्वारीचं पीठ आठवडाभरानं उतरतं. त्याचा चिकटपणा जातो, भाकर थापली की चिरते आणि कडवट लागते. आई आयुष्यभर पाचव्या-सहाव्या दिवशी दोन किलो दळण घेऊन चक्कीवर जायची. बाबांना वाटायचं की तिला बाहेर पडायला निमित्त लागतं. दुसरी चूक म्हणजे सगळं पीठ ते गव्हाच्या कणकेसारखं एकदाच थंड पाण्यात मळून गोळे करून ठेवत. ज्वारीचं तसं चालत नाही. एका भाकरीपुरतं पीठ घ्यायचं, कढत पाणी घालायचं, तळहातानं रगडून रगडून मळायचं, आणि लगेच थापायचं.

कोठीतलं जुनं पीठ ढोरांच्या आंबोणात गेलं. बाबा दोन किलोचं दळण सायकलला बांधून चक्कीवर जाऊ लागले, बायकांच्या रांगेत डबा ठेवून उभे राहू लागले. आई सांगायची की पहिल्या दिवशी त्यांनी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला होता आणि तिसऱ्या दिवशी ते रांगेतल्या बायकांना विचारत होते, तुमच्याकडे पाणी किती कढत घेता. मला या माणसाचं मनापासून कौतुक वाटतं ते इथं. भाकरी बिघडल्या याचं त्यांना दुःख झालं नाही असं नाही. पण त्यांनी ते दुःख कुरवाळलं नाही. पीक बसलं तर माणूस बियाणं बदलतो, तसे ते सरळ कामाला लागले.

रोज फोन यायचा. "कशी होती?" आणि मला खरं सांगायची सक्ती. "एक बाजू कच्ची." "मीठ नव्हतं." "आजची वाकत होती, बाबा, मोडली नाही." शेवटचं वाक्य त्यांनी मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. फेब्रुवारीत एके दिवशी मी डबा उघडला तर भाकरीवर पापुद्रा सुटलेला होता. घडी घातली तर घडी राहिली. सोबत तुरीच्या कोवळ्या दाण्यांची, सोल्यांची भाजी, लसणाचा वास खोलीभर. धामणगावकरीण न विचारता शेजारी येऊन बसली, अर्धी भाकर तिनं संपवली आणि म्हणाली, "आता त्या गायीचं कसं होईन बाप्पा?" दुसऱ्या दिवसापासून डब्यात चौथी भाकर यायला लागली, तिच्या वाट्याची.

मळमळ गेली. नूडल्सची उरलेली पाकिटं पलंगाखालून काढून मी टाकून दिली. मोठा निश्चय वगैरे काही केला नव्हता, त्यांची आठवणच होत नव्हती. जो माणूस पहाटे उठून माझ्या एकटीसाठी पाणी कढत ठेवतो त्याची भाकर समोर असताना, कारखान्यात कोणासाठी म्हणून न केलेलं काही खावंसं वाटत नव्हतं. एप्रिलमध्ये पेपर झाले. सगळे पेपर मी दिले, एकही चुकवला नाही.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता थापल्याच्या आवाजानं जाग आली. चुलीपुढे आई नव्हती. तिचा हात बरा झाला होता, पण ती मागे कोथिंबीर निवडत बसली होती. चुलीपुढे बाबा होते, बनियनवर, मांडी घालून. परातीत भाकर गरागरा फिरत होती. त्यांनी ती उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग निखाऱ्यावर धरली. भाकर टम्म फुगली. मी तोंड धुऊन समोर येऊन बसले तेव्हा त्यांनी वर न पाहता ती माझ्या ताटात ठेवली.

पाच महिने त्यांची भाकर डब्यातून येत होती, पण तव्यावरची मी कधी खाल्लीच नव्हती. वाफ बोटांना भाजत होती. मी तुकडा मोडला, तिखटमिठाला लावला नाही, भाजीही घेतली नाही, नुसताच तोंडात टाकला. पिठाचा गोडवा जिभेवर आला. बाबांनी हातातला पुढचा गोळा तसाच धरून ठेवला होता. फोनवर रोज विचारायचे, पण आता माझ्या तोंडाकडे बघत होते आणि विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

मी ताट पुढं केलं आणि म्हटलं, "बाबा, अजून एक."